बारा अंक आणि चावडीवरची यादी

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याच्या कलम ४ मध्ये प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने, म्हणजे सरकारी किंवा सरकारी पैशावर चालणाऱ्या प्रत्येक कार्यालयाने, आपण राबवीत असलेल्या अनुदान कार्यक्रमांचे आणि त्यांच्या लाभार्थ्यांचे तपशील कोणी न मागताही प्रसिद्ध करावेत, असे सांगितले आहे. तर आधार अधिनियम, २०१६ याचे कलम २९ कोणाही व्यक्तीचा आधार क्रमांक जाहीरपणे प्रसिद्ध करण्यास वा फलकावर लावण्यास मनाई करते. दोन्ही कायदे संसदेचेच आहेत आणि कागदावर त्यांचा एकमेकांशी झगडा नाही, कारण पहिला लाभार्थ्याविषयी बोलतो आणि दुसरा त्याच्या क्रमांकाविषयी. प्रत्यक्ष कार्यालयात मात्र नाव, रक्कम, बँक खाते आणि आधार क्रमांक हे एकाच तक्त्याचे शेजारशेजारचे रकाने असतात, आणि तो तक्ता संकेतस्थळावर चढविणाऱ्या लिपिकाला सगळा उघडा किंवा सगळा बंद हे दोनच मार्ग सोपे वाटतात. भारतातील ओळख क्रमांकांच्या सुरक्षिततेचा बराचसा वाद या तक्त्याभोवती फिरतो.

पुढील संवाद कल्पित आहे. त्यातील एक पक्ष रोजगार हमीच्या कामांचे सामाजिक अंकेक्षण करणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांचा आहे; सामाजिक अंकेक्षण म्हणजे सरकारी हिशेब गावासमोर वाचून, नोंदलेला मजूर खरोखर कामावर होता का आणि नोंदलेली मजुरी त्याच्या हाती पडली का, हे त्यालाच विचारून पडताळणे. दुसरा पक्ष शासकीय विभागांच्या संगणकप्रणालींची सुरक्षितता तपासणाऱ्या एका महिला अभियंत्यांचा आहे. ते त्यांना ताई म्हणतात, त्या त्यांना गुरुजी म्हणतात. पण या सौजन्यामुळे दोघांच्या मतांतील अंतर कमी होते असे समजण्याचे कारण नाही.

गुरुजींची मांडणी इतिहासापासून सुरू होते. राजस्थानातील पाली जिल्ह्यातल्या कोट किराणा या गावी डिसेंबर १९९४ मध्ये मजदूर किसान शक्ती संघटनेने पहिली जनसुनवाई भरविली आणि सरकारी कामांचे कागद ते ज्यांच्या नावाने लिहिले गेले होते त्यांच्याच समोर वाचले. महाराष्ट्रात अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर, केंद्राच्या आधी, २००२ मध्ये राज्याचा माहितीच्या अधिकाराचा कायदा अमलात आला. आणि २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी अधिनियमाने कलम १७ मध्ये सामाजिक अंकेक्षणाची जबाबदारी ग्रामसभेवर सोपविली. या परंपरेचा कणा नावानिशी वाचन हा आहे, असे ते म्हणतात. “ताई, हजेरीपटावरचे नाव मोठ्याने वाचले की सभेत कोणीतरी उठतो आणि हा तर तीन वर्षांपूर्वी वारला, किंवा हा दिवाळीपासून ऊसतोडीला गेलेला आहे, असे सांगतो. लेखापरीक्षकाला बेरीज तपासता येते, पण माणूस कामावर होता की नव्हता हे गावालाच ठाऊक असते. नाव झाकल्यावर हिशेब जुळतो, खरा मात्र ठरत नाही.”

“त्या वाचनात आधार क्रमांक कधी वाचावा लागला होता का, गुरुजी?” हा अभियंत्यांचा पहिला प्रश्न आहे, आणि तो वाटतो तितका साधा नाही. भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरण जानेवारी २००९ मध्ये स्थापन झाले आणि पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी देण्यात आला. म्हणजे जनसुनवाईची पद्धत या क्रमांकापेक्षा सुमारे दीड दशकाने जुनी आहे, आणि तिचे काम नाव, गाव, कामाचे दिवस, मजुरी आणि पुढे जॉबकार्डाचा क्रमांक एवढ्या रकान्यांवर चालत आले आहे. आधार क्रमांकाचा रकाना गावाने मागितला म्हणून त्या तक्त्यात आला नाही. पैसे थेट खात्यात जमा करण्यासाठी विभागाला तो हवा होता, आणि लोकांसाठीचा अहवाल त्याच तक्त्यातून निघत असल्यामुळे अहवालाबरोबर तोही बाहेर पडला.

किती प्रमाणात बाहेर पडला, याचा अंदाज २०१७ या एका वर्षावरून येतो. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये झारखंडच्या निवृत्तिवेतन योजनेच्या संकेतस्थळावर दहा लाखांहून अधिक लोकांचे आधार क्रमांक उघडे असल्याचे वृत्त आले. मे महिन्यात बेंगळुरू येथील सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी या संशोधन संस्थेने फक्त चार सरकारी संकेतस्थळे तपासून, त्यांवरून सुमारे १३ ते साडेतेरा कोटी आधार क्रमांक उघड झाले असावेत असा अंदाज मांडला, आणि त्या चारांत रोजगार हमीचे राष्ट्रीय संकेतस्थळही होते. नोव्हेंबरमध्ये स्वतः प्राधिकरणाने माहितीच्या अधिकारातील एका अर्जाला उत्तर देताना केंद्र व राज्य सरकारांच्या सुमारे २१० संकेतस्थळांवर लाभार्थ्यांची नावे, पत्ते आणि आधार क्रमांक दिसत होते, असे मान्य केले. यांत कोणी भिंत फोडून आत शिरलेले नव्हते. दार सरकारनेच उघडे ठेवले होते आणि तेही सद्हेतूने, हे या प्रकरणाचे खरे वैशिष्ट्य आहे, आणि म्हणूनच त्याला नुसती चोरी म्हणून हात झटकता येत नाहीत.

गुरुजी यावर सहजासहजी नमत नाहीत. क्रमांक उघड झाल्याने नेमके नुकसान कोणाचे व किती झाले, असे ते विचारतात आणि दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे तेव्हाचे अध्यक्ष आर. एस. शर्मा यांनी जुलै २०१८ मध्ये स्वतःचा आधार क्रमांक समाजमाध्यमावर जाहीर करून काही नुकसान करून दाखवा, असे आव्हान दिले होते याची आठवण देतात. त्यांच्या मते क्रमांक म्हणजे नुसती नोंद आहे. घराचा क्रमांक माहीत झाल्याने घर लुटले जात नाही.

अभियंत्यांचे उत्तर दोन टप्प्यांत येते. शर्मा यांच्या आव्हानानंतर काही तासांतच लोकांनी त्यांचा दूरध्वनी क्रमांक, जन्मतारीख आणि इतर तपशील मांडायला सुरुवात केली. ते तपशील आधारच्या साठ्यातून आलेले नाहीत, असे ओळख प्राधिकरणाने सांगितले आणि ते बरोबर असण्यास हरकत नाही, तरीही लगोलग त्याच प्राधिकरणाने नागरिकांना आपला क्रमांक असा जाहीर न करण्याची सूचना दिली. ज्याच्यामागे कार्यालय, वकील आणि ओळखीचे बँक-व्यवस्थापक आहेत त्याने असे आव्हान देणे आणि महिन्याच्या मजुरीवर जगणाऱ्या बाईचा क्रमांक तिला न विचारता फलकावर लागणे, या दोन गोष्टी सारख्या नाहीत. दुसरा टप्पा अधिक तांत्रिक आहे. “गुरुजी, क्रमांक फक्त नाव म्हणून वापरला असता तर आपले म्हणणे मान्य होते. पण आपल्याकडे तोच क्रमांक नावासारखा सगळीकडे लिहिला जातो आणि किल्लीसारखा वापरलाही जातो. दारावर लावायची पाटी आणि कुलपाची किल्ली एकच ठेवली, तर पाटी झाकावी लागते.”

किल्ली म्हणजे काय, हे गावातील बँकमित्राकडे दिसते. आधार-आधारित देयक प्रणाली, म्हणजे छोट्या यंत्रावर अंगठा ठेवून खात्यातून पैसे काढण्याची सोय, बँकेचे नाव, आधार क्रमांक आणि बोटाचा ठसा या तीन गोष्टींवर चालत आली आहे. त्यांतील पहिली कोणालाही तर्काने सापडते, दुसरी याद्यांतून सापडत होती आणि तिसरी कुठे सापडेल, याचे उत्तर तेलंगणात २०१८ मध्ये मिळाले. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरील दस्त उतरवून घेऊन, त्यांवरील अंगठ्यांच्या ठशांचे बनावट साचे तयार करून हजारो सिमकार्डे चालू केल्याचा आरोप तेथील पोलिसांनी एका विक्रेत्यावर ठेवला. दस्तावर ठसा कसा, तर जमिनीच्या व्यवहारातील तोतयेगिरी थांबावी म्हणून २००१ मध्ये नोंदणी अधिनियमात घातलेल्या कलम ३२-अ नुसार दस्तावर पक्षकारांचे छायाचित्र आणि बोटांचे ठसे घेतले जातात. आणि दस्त कोणालाही पाहता का येतो, तर त्याच १९०८ च्या अधिनियमाचे कलम ५७ स्थावर मालमत्तेच्या नोंदवह्या व सूची शुल्क भरणाऱ्या कोणालाही पाहू देते. एके काळी पाहणे म्हणजे दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जाऊन, कारकुनाच्या नजरेखाली जाड वह्या चाळणे. संगणकाने ते अंतर पुसले, कलम मात्र तेच राहिले. फसवणुकीवरचा उपाय म्हणून घेतलेला ठसाच फसवणुकीचे साधन झाला, ही या साऱ्या कथेतील सर्वांत कडू गोष्ट म्हणावी लागेल.

येथे गुरुजी थबकतात, पण मागे हटत नाहीत. दस्तांच्या नोंदी बंद झाल्या तर एकच जमीन दोघांना विकणाऱ्याचे आणि आदिवासी जमिनी परस्पर हस्तांतरित करणाऱ्याचे फावेल, हा त्यांचा आक्षेप खरा आहे. अभियंता त्याला हरकत घेत नाहीत. त्या फक्त दाखवितात की व्यवहाराची माहिती देणारी सूची क्रमांक दोन, जिला बोलण्यात सगळे इंडेक्स टू म्हणतात, तिच्यात पक्षकार, मिळकतीचे वर्णन, मोबदला आणि तारीख असते, ठसा नसतो. फसवणूक शोधणाऱ्याला सूची पुरते. मूळ दस्ताची प्रतिमा ज्याला हवी त्याने अर्ज करावा, आपली ओळख नोंदवावी आणि ठसे व आधार क्रमांक झाकलेली प्रत घ्यावी.

‘झाकलेली’ हा शब्द उच्चारला जातो आणि चर्चा कायद्यातून कारागिरीत उतरते. आधार क्रमांक बारा अंकी असतो, तो शून्याने वा एकाने सुरू होत नाही, आणि त्याचा शेवटचा अंक आधीच्या अकरा अंकांवरून व्हेरहॉफ नावाच्या गणिती रीतीने काढलेला पडताळणी-अंक असतो, म्हणजे लिहिताना एखादा अंक चुकला तर यंत्राला ते कळावे यासाठीचा. पहिल्या अंकासाठी आठ पर्याय, पुढच्या दहांसाठी प्रत्येकी दहा, आणि बारावा ठरलेला, असा हिशेब केला तर शक्य क्रमांकांची एकूण संख्या ८,००० कोटी येते. माणसाला ही संख्या अफाट वाटते, यंत्राला नाही. काही विभाग क्रमांकाऐवजी त्याचा हॅश, म्हणजे उलट फिरविता न येणाऱ्या सूत्राने काढलेली खूण, ठेवणे पुरेसे मानतात. पण सगळ्याच ८,००० कोटी क्रमांकांच्या खुणा आधी काढून ठेवल्या की कोणती खूण कोणाची हे तक्त्यात पाहून सांगता येते, आणि ते काढणे हे आजच्या एका सामान्य ग्राफिक कार्डाला काही मिनिटांचे काम आहे. खुणेत गुप्त किल्ली मिसळली नसेल तर ती खूण म्हणजे क्रमांकच, फक्त वेष बदललेला.

शेवटचे चार अंक दाखवून आधीचे आठ झाकण्याची रीत प्राधिकरणाने आच्छादित आधारसाठी स्वीकारली आहे आणि ती बऱ्यापैकी चांगली आहे, कारण पडताळणी-अंकाचा फायदा घेऊनही सुमारे ८० लाख शक्यता उरतात. पण ती रीत सर्वांनी सारखी पाळली तरच. एका कार्यालयाने पहिले आठ झाकले आणि दुसऱ्याने शेवटचे चार, तर दोन याद्या शेजारी ठेवणाऱ्याला बाराही अंक मिळतात. आणि कोणी फक्त एकच अंक पुसला असेल, तर तो पडताळणी-अंकाच्या गणितातून परत काढता येतो. अमेरिकेचा अनुभव येथे बोलका आहे. तेथील सामाजिक सुरक्षा क्रमांक नऊ अंकी असतो आणि त्याचे पहिले पाच अंक जन्मस्थळ व जन्मकाळ यांवरून बऱ्याच अंशी ओळखता येतात, हे कार्नेगी मेलन विद्यापीठातील अलेसांद्रो अक्विस्ती आणि राल्फ ग्रॉस यांनी २००९ मध्ये दाखवून दिले. म्हणजे शेवटचे चार उघडे ठेवणारी कार्यालये नेमका ओळखता न येणारा भागच जाहीर करीत होती. २०११ पासून तेथे क्रमांक यादृच्छिक पद्धतीने दिले जाऊ लागले, पण त्याआधी दिलेले क्रमांक तसेच राहिले. आधार क्रमांक पहिल्यापासून यादृच्छिक आहे, ही त्याच्या रचनाकारांची दूरदृष्टी मान्य करायला हवी.

यापेक्षाही क्षुल्लक वाटणाऱ्या चुका अधिक घात करतात. पीडीएफ फायलीत क्रमांकावर काळा चौकोन ठेवला तरी खालची अक्षरे फायलीत तशीच राहतात आणि ती निवडून दुसरीकडे उतरविता येतात. एक्सेलच्या तक्त्यातील रकाना लपविला म्हणजे तो गेला असे होत नाही. आणि पाहणाऱ्याला दिसणाऱ्या पानावर क्रमांक नसला तरी त्या पानाच्या पत्त्यातच तो गुंफलेला असू शकतो. कागद आधी झाकून मग छापावा आणि मग पुन्हा स्कॅन करावा, हा जुन्या काळचा वेंधळा वाटणारा उपाय अजूनही सर्वांत भरवशाचा आहे.

गुरुजींना या तपशिलांत रस आहे, पण त्यांची शंका वेगळी आहे. क्रमांक झाकल्यावर एकाच क्रमांकावर दोन शिधापत्रिका किंवा दोन जॉबकार्डे काढलेली आहेत, हे गावाने ओळखायचे कसे? अभियंत्यांच्या मते त्याचे उत्तर खुद्द आधारच्या यंत्रणेतच आहे. जुलै २०१७ मध्ये प्राधिकरणाने आधार क्रमांक बाळगणाऱ्या संस्थांना ते एका कूटबद्ध, वेगळ्या कोठारात ठेवून बाकी सर्व कामांसाठी त्यांच्या जागी संदर्भ-खूण वापरण्यास सांगितले. २०१८ मध्ये नागरिकासाठी सोळा अंकी, बदलता येणारा आभासी क्रमांक आणि संस्थांसाठी बहात्तर अक्षरी टोकन आले, जे एकाच माणसासाठी प्रत्येक संस्थेला वेगळे मिळते. एका विभागाच्या यादीत तीच खूण दोनदा दिसली तर दुबार नोंद कोणालाही पकडता येते, आणि दोन विभागांच्या याद्या मात्र कोणाही परक्याला एकमेकींशी जोडता येत नाहीत. म्हणजे अंकेक्षणाला लागते ते सगळे उरते आणि ठगाला लागते ते नाहीसे होते.

हे कागदी स्वप्न नाही, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे, आणि तो विशेष म्हणजे गुरुजीच देतात. ३० सप्टेंबर २०१९ रोजी थकीत असलेल्या दोन लाख रुपयांपर्यंतच्या पीककर्जासाठीची महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना राबविताना शासनाने २४ फेब्रुवारी २०२० पासून याद्या लावायला सुरुवात केली. बँकेच्या सूचनाफलकावर आणि चावडीवर लागलेल्या त्या याद्यांत प्रत्येक खात्यापुढे एक विशिष्ट क्रमांक होता, तो घेऊन शेतकऱ्याने आपले सरकार सेवा केंद्रात वा बँकेत जायचे, तेथे आधार प्रमाणीकरण करायचे आणि दाखविलेली रक्कम मान्य किंवा अमान्य असे सांगायचे. चावडीवरचा क्रमांक त्या योजनेबाहेर निरुपयोगी होता. यादी वाचली गेली, तक्रारी झाल्या, रकमा दुरुस्तही झाल्या, आणि त्यासाठी कोणाचे बारा अंक फलकावर लावावे लागले नाहीत. दोन्ही पक्षांचे या एका उदाहरणावर पूर्ण एकमत आहे, आणि असे असताना इतर योजनांत हीच रीत नियम म्हणून का घातली गेली नाही, हा प्रश्न दोघांनाही विचारावासा वाटतो.

एकमत येथेच संपते, कारण गुरुजींचा मुख्य आरोप अजून यायचा आहे. क्रमांकाच्या संरक्षणाचे नाव घेऊन अख्खी यादीच गायब केली जाते, असे ते म्हणतात, आणि त्यासाठी ते २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाकडे बोट दाखवितात. माहितीच्या अधिकाराच्या कलम ८(१)(ञ) मध्ये पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारण्यास अटी होत्या: त्या माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध नसावा किंवा ती दिल्याने खासगीपणावर अकारण आक्रमण व्हावे, आणि तरीही व्यापक जनहित असेल तर ती द्यावी, शिवाय जी माहिती संसदेला वा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारू नये, अशी पुस्ती होती. नव्या अधिनियमाच्या कलम ४४(३) ने या अटी काढून टाकल्या आणि नुसती ‘वैयक्तिक माहिती’ एवढाच निकष ठेवला. ही दुरुस्ती नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलातही आली. “ताई, लाभार्थ्याचे नाव ही वैयक्तिक माहिती आहे, ठेकेदाराचे नावही आहे, बिलावर सही करणाऱ्या अधिकाऱ्याचे नावही आहे. बारा अंक झाकायला निघालेल्या सरकारने हातासरशी काय काय झाकले, ते पाहा.”

अभियंत्यांची बाजू येथे कमकुवत पडते आणि त्या ते लपवीत नाहीत. आधार क्रमांक झाकण्यासाठी २०१६ च्या अधिनियमातील कलम २९ आणि त्याखालचे विनियम, जे क्रमांक काळा केल्याशिवाय कोणतीही यादी प्रसिद्ध करू नये असे सांगतात, पुरेसे होते. माहितीच्या अधिकारातच कलम १० होते, जे देण्याजोगा भाग न देण्याजोग्या भागापासून वेगळा करून द्यावा असे सांगते, म्हणजे झाकून देण्याची तरतूद २००५ पासून अस्तित्वात होती. कलम ८(२) मधील जनहिताची वाट अजून शिल्लक आहे हे त्या नोंदवितात, पण त्या वाटेने जायचे तर जनहित जड आहे हे पटविण्याचा भार व्यवहारात अर्जदारावरच येतो, आणि मजुराला वा त्याच्या गुरुजींना तो पेलणे अवघड आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला तो नागरिकाला सरकारपासून आडोसा मिळावा म्हणून. सरकारच्या हिशेबाला नागरिकापासून आडोसा मिळावा म्हणून त्याचा वापर होणे, हे त्या निकालाचे विडंबन आहे असे म्हणण्यास हरकत नसावी.

मात्र त्या लगेच गुरुजींसमोर एक अशी यादी ठेवतात, जिच्यात क्रमांक झाकून काहीच साधत नाही. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा लाभ विधवा, दिव्यांग, अनाथ यांच्याप्रमाणेच क्षयरोग, कर्करोग, कुष्ठरोग आणि एड्स यांनी आजारी असलेल्यांनाही मिळतो. त्या यादीत नावापुढे लाभाचे कारण छापले, तर बारा अंक काळे केले काय आणि न केले काय, गावात त्या माणसाचे व्हायचे ते नुकसान होऊन जाते. उलट कारणाचा रकाना गाळला तर नावावरून आजार कळत नाही, कारण इतर अनेक कारणांनीही नाव तेथे असू शकते. गुरुजींना हे पटते, पण अर्धेच. खोटे वैद्यकीय प्रमाणपत्र जोडून लाभ घेणारे असतात आणि कारण न वाचता त्यांना गाव पकडू शकत नाही, असे ते म्हणतात. प्रमाणपत्र खरे की खोटे हे ठरविणे हे ग्रामसभेचे कामच नव्हे, ते गोपनीयतेने बांधलेल्या वैद्यकीय मंडळाचे आहे, असे अभियंता म्हणतात. ज्या मंडळाने प्रमाणपत्र दिले तेच ते तपासणार का, या गुरुजींच्या प्रतिप्रश्नाला त्यांच्याकडे नेमके उत्तर नाही. येथे दोघे वेगळ्या जागी उभे आहेत आणि तसेच राहतात.

वादाचा रोख मग प्रसिद्धीकडून साठवणीकडे वळतो, आणि प्रस्तुत लेखाच्या दृष्टीने प्रश्नाचे मूळ तेथेच आहे. जे गोळाच केले नाही ते फुटत नाही. तरीही दाखला असो, अर्ज असो की शाळेचा प्रवेश, ‘आधारची झेरॉक्स जोडा’ ही ओळ जवळपास प्रत्येक नमुन्यात छापलेली असते. त्या झेरॉक्स प्रती कोणत्या कपाटात जातात आणि कपाट भरल्यावर त्यांचे काय होते, याचे उत्तर क्वचितच कोणाकडे असते. २७ मे २०२२ रोजी प्राधिकरणाच्या बेंगळुरू येथील प्रादेशिक कार्यालयाने आधारची छायाप्रत कोणालाही सहज देऊ नये, द्यायची तर आच्छादित द्यावी, असे निवेदन काढले आणि दोनच दिवसांत केंद्रीय मंत्रालयाने त्याचा विपर्यास होण्याची शक्यता आहे म्हणून ते मागे घेतले. निवेदनातील सल्ला योग्य होता. तो पाळायचा तर निम्म्या कार्यालयांचे छापील अर्ज बदलावे लागले असते, एवढीच त्याची अडचण. आधार पत्रावरील क्यूआर संकेत स्कॅन करून, क्रमांक न नोंदविता ओळख पटविण्याची सोय उपलब्ध आहे. पण खिडकीपलीकडच्या माणसाला झेरॉक्स फायलीला लावण्याची सवय आहे आणि खिडकीअलीकडच्या माणसाला परत पाठविले जाण्याची भीती आहे. गुरुजी सांगतात की आच्छादित प्रत आणली म्हणून म्हातारीला माघारी धाडणारे कार्यालय आधी सुधारावे, मग सुरक्षिततेची व्याख्याने द्यावीत. आणि अभियंता यावर हसून होकार देतात.

जबाबदारीच्या बाबतीत दोघे पुन्हा एकत्र येतात. २०१७ मधील त्या २१० संकेतस्थळांवरून याद्या काढल्या गेल्या, पण तुमचा क्रमांक इतके दिवस उघडा होता असे त्या क्रमांकांच्या धारकांना कळविण्याची कोणतीही व्यवस्था नव्हती, आणि आधार अधिनियमाच्या कलम ४७ नुसार फौजदारी तक्रार करण्याचा अधिकारही तेव्हा फक्त प्राधिकरणालाच होता. नागरिकाला तो २०१९ च्या दुरुस्तीने मिळाला. विदा संरक्षण अधिनियमात फुटीची सूचना प्रत्येक बाधित व्यक्तीला देण्याचे बंधन आहे, पण ते नियम अधिसूचित झाल्यापासून अठरा महिन्यांनी लागू व्हायचे आहे. माहिती नाकारण्याची तरतूद पहिल्या दिवसापासून आणि माहिती फुटल्याचे कळविण्याची तरतूद दीड वर्षाने, या क्रमावर भाष्य करण्याची गरज गुरुजींना वाटत नाही.

उरतो तो जुन्या दस्तांचा प्रश्न. यापुढे काय छापावे हे ठरविता येईल, पण आधीच स्कॅन झालेल्या दस्तांतील ठसे आणि क्रमांक कोणी झाकायचे? अभियंत्यांच्या मते पहिली चाळणी यंत्राने लावता येईल, कारण पडताळणी-अंकामुळे बारा अंकांच्या ओळीतून आधार क्रमांक असण्याची शक्यता असलेली ओळ वेगळी काढता येते. मात्र कोणत्याही बारा आकड्यांच्या दहा ओळींपैकी सरासरी एक योगायोगानेच या कसोटीला उतरते, हाताने लिहिलेले आकडे यंत्राला नीट वाचता येत नाहीत, आणि ठसा कधी सहीवर तर कधी मजकुरावर उमटलेला असतो, म्हणून दुसरी चाळणी माणसानेच लावायला हवी. म्हणजे झाकण्यासाठी नेमलेले कंत्राटी कर्मचारी ते सगळे क्रमांक आधी पाहणार, असे गुरुजी निदर्शनास आणतात. त्यावर तुकडे करून काम वाटावे, एकाच्या पडद्यावर क्रमांक आणि नाव एकत्र येऊ नये, असा उपाय अभियंता सुचवितात, आणि तो गुरुजी मान्य करतात. तोपर्यंत सूची खुली राहावी व दस्ताची प्रतिमा अर्जावरच मिळावी, हेही ते मान्य करतात, पण त्या ‘तोपर्यंत’ला तारीख हवी, ती आदेशात छापलेली हवी आणि तारीख उलटली तर प्रतिमा झाकून देण्यास नकार देता येऊ नये, अशी त्यांची अट आहे. दस्त किती आहेत हे मोजल्याशिवाय तारीख देता येणार नाही, असे अभियंता म्हणतात. मग मोजणी कधी संपणार त्याची तरी तारीख द्या, असे गुरुजी म्हणतात.